परसातील अळी आणि श्रावकाचा हात

रोहिणी-मृगाचे पाणी पडले की माढ्यासारख्या अवर्षणप्रवण गावातील परसाचे रूप चार दिवसांत पालटते. वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पाहणारा आपला सोलापूर जिल्हा. त्यामुळे उन्हाळाभर तग धरून राहिलेल्या शेवग्याला, लिंबाला, कढीपत्त्याला पहिल्या पाण्यावर जी पालवी फुटते, तिचे घराला मोठे अप्रूप असते. परंतु त्या कोवळ्या पानाची वाट केवळ घरातील माणसेच पाहत नसतात. काही दिवसांतच लिंबाची पाने कडेने कुरतडलेली दिसू लागतात, शेवग्याच्या खोडावर तपकिरी केसाळ अळ्यांचे थर बसतात, अंगणात खेळणाऱ्या मुलांच्या हातापायांवर गांधी उठतात आणि घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो, ‘यावर काय मारायचे?’

नेमक्या याच दिवसांत आषाढ शुद्ध चतुर्दशीला आपला चातुर्मास सुरू होतो. साधु-साध्वी विहार थांबवून एका ठिकाणी स्थिर होतात, कारण ओल्या जमिनीवर आणि हिरवळीवर असंख्य जीवांची उत्पत्ती झालेली असते आणि त्यांच्यावर पाऊल पडू नये. म्हणजे ज्या कारणाने मुनिराज आपल्या गावी थांबतात, त्याच कारणाने आपल्या परसात अळ्या येतात. एकाचे स्वागत करावयाचे आणि दुसरीवर विष फवारावयाचे, ही विसंगती आपल्यापैकी अनेकांच्या मनाला बोचते. तथापि ‘मग झाड वाळू द्यायचे का?’ या प्रश्नाचे उत्तर सहसा कोणी देत नाही. ते उत्तर आहे, आणि बव्हंशी ते व्यवहार्यही आहे. त्याचाच विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रथम ओळख

‘अळी’ हा एकच शब्द आपण सरसकट वापरतो. प्रत्यक्षात प्रत्येक झाडाची अळी निराळी, तिची रीत निराळी आणि तिच्यापासून झाडाला होणारा उपद्रवही निराळा.

शेवग्यावरील केसाळ अळी ही एका मोठ्या, पिवळसर तपकिरी पतंगाची बालावस्था होय. शास्त्रीय भाषेत तिला युप्टेरोटे मोलिफेरा म्हणतात. मादी पानांवर व कोवळ्या फांद्यांवर पुंजक्याने अंडी घालते. अळ्या समूहाने राहतात, पाने खातात, साल खरवडतात आणि खोडावर गठ्ठ्याने गोळा होऊन बसतात. पूर्ण वाढ झाल्यावर त्या जमिनीत जाऊन कोष करतात. झाड निष्पर्ण करण्याची क्षमता असलेली परसातील ही प्रमुख अळी.

लिंबावरील अळीची गोष्ट अगदी वेगळी. ती लिंबू फुलपाखराची, म्हणजे पॅपिलिओ डेमोलियसची. मादी कोवळ्या पानावर एकेक सुटे अंडे घालते. लहानपणी ही अळी पक्ष्याच्या विष्ठेच्या ठिपक्यासारखी काळपट-पांढरी दिसते आणि मोठी झाल्यावर हिरवीगार होते. तिला डिवचले तर डोक्यामागून नारिंगी रंगाचा दुशिंगी अवयव बाहेर काढून ती उग्र वास सोडते. दंश करीत नाही, खाज आणीत नाही. लिंबू, मोसंबी, बेल, कवठ, कढीपत्ता ही एकाच कुळातील झाडे तिला चालतात. २०१५ साली महाराष्ट्राने ‘ब्ल्यू मॉरमॉन’ या निळ्या-काळ्या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला. त्याची अळीदेखील याच कुळातील झाडांवर वाढते. ज्याला आपण राज्याचे भूषण म्हणतो, त्याचे बालपण असेच कोणाचे तरी पान खाण्यात जाते.

डाळिंबाचे फळ पोखरणारी अळी पाने खात नाही. एक लहानसे फुलपाखरू फुलावर किंवा लहान फळावर अंडे घालते. त्यातून निघालेली अळी फळात शिरून दाणे खाते, छिद्रातून विष्ठा बाहेर पडते आणि फळ सडते. ज्या जिल्ह्यात डाळिंबाचे एवढे महत्त्व की राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ साली सोलापुरात स्थापन झाले, तेथे परसातील एक-दोन डाळिंबांना ही अळी लागणे नवलाचे नाही.

चौथी आहे साल खाणारी अळी. बोर, पेरू, आंबा, डाळिंब, शेवगा अशा अनेक झाडांवर ती आढळते. दिवसा खोडातील भोकात लपते, रात्री बाहेर येऊन साल खाते आणि खोडावर भुसा व रेशमी धागे यांची जाळीदार पट्टी मागे ठेवते. जुन्या, दाट वाढलेल्या आणि दुर्लक्षित झाडांवर तिचा वावर अधिक. आपल्या माढा तालुक्यातील मोडनिंब परिसर बोरांसाठी प्रसिद्ध. ज्यांच्या परसात जुनी बोर आहे, त्यांनी ही पट्टी नक्की पाहिली असेल.

ही ओळख आवश्यक एवढ्यासाठी की, यांपैकी बहुतेक अळ्या पूर्ण वाढलेल्या झाडाचा प्राण घेत नाहीत. निरोगी, मोठ्या झाडाची चतुर्थांश पाने गेली तरी ते पुन्हा पालवते. लिंबाच्या जुन्या झाडावर दहा-बारा अळ्या दिसल्या तर काहीही न करणे हाच योग्य उपाय. दोन-तीन आठवड्यांत त्या कोषात जातात आणि झाड नवी पालवी धरते. काळजी करावयाची ती एक-दोन वर्षांच्या रोपाची, कारण चार अळ्या त्याची सगळी पाने संपवू शकतात, आणि शेवग्यासारख्या समूहाने हल्ला होणाऱ्या झाडाची.

करणे, करविणे, अनुमोदणे

गतवर्षी भाद्रपदात गावातील एका परिचितांच्या वाड्यात जाण्याचा प्रसंग आला. मागील दारी शेवग्याचे खोड अळ्यांनी माखले होते. घरचे वडीलधारे पूजेचे कपडे नेसून निघण्याच्या तयारीत होते. त्यांनी गड्याला हाक मारली, काठीला गुंडाळलेला रॉकेलचा बोळा दाखविला आणि म्हणाले, “मी देवळात जाऊन येतो, तोवर तेवढं उरकून ठेव.” गडी म्हणाला, “व्हय मालक, पर तुमी आल्यावर करू का? धूर लई हुतो.” “नको, माझ्यासमोर नको,” असे उत्तर देऊन ते गृहस्थ निघाले.

ते गृहस्थ धर्मशील आहेत, रात्रिभोजनाचा त्याग केलेले आहेत. त्यांच्या मनात क्रौर्याचा लवलेश नाही. किंबहुना क्रौर्य सहन होत नाही म्हणूनच त्यांना ते डोळ्यांआड हवे होते. परंतु आपल्या शास्त्रात कर्माचा हिशेब कृत, कारित आणि अनुमोदित अशा तीन रकान्यांत मांडलेला आहे. स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि दुसऱ्याने केल्यावर मान्य केलेले, तिन्ही आपल्याच खात्यावर पडते. खर्च नोकराच्या हातून झाला म्हणून तो पेढीच्या वहीतून वगळला जात नाही, हे व्यापारी घरांना कोणी सांगावयास नको.

शेवग्यावरील अळ्या टेंभ्याने जाळाव्यात, ही शिफारस शेतीविषयक पुस्तकांतही आढळते. शेतकऱ्याच्या दृष्टीने तिला कारण आहे. भगवान ऋषभदेवांनी शिकविलेल्या षट्कर्मांत कृषीचा समावेश आहे, आणि कोल्हापूर-सांगलीकडील आपले असंख्य समाजबांधव पिढ्यान्‌पिढ्या शेतीच करीत आले आहेत. त्यांचा प्रपंच पिकावर अवलंबून आहे. म्हणूनच गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार भेद सांगितले जातात. संकल्पी हिंसा पूर्णपणे वर्ज्य, उरलेल्या तीन शक्य तितक्या कमी. प्रश्न असा की, परसातील एका शेवग्यासाठी पेटविलेला बोळा यांपैकी कोणत्या सदरात बसवावयाचा? तो आपला उदरनिर्वाह नव्हे, म्हणून उद्योगी नाही. अळी आपल्यावर चालून आलेली नाही, म्हणून विरोधी म्हणणेही ओढाताणीचे. घरात शेंगा कमी पडतील एवढेच काय ते नुकसान. अशा वेळी ‘आता या मारून टाकू’ हा विचार संकल्पाच्या फार जवळ जातो. याचा अंतिम निर्णय गुरुजनांनी द्यावा, परंतु विचार करण्याची जबाबदारी मात्र आपली.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. तत्त्वार्थसूत्राने इंद्रियांच्या चढत्या क्रमासाठी कृमी, मुंगी, भुंगा आणि मनुष्य अशी उदाहरणे दिली आहेत. झाड एकेंद्रिय, स्थावर. अळी त्याहून अधिक इंद्रियांची, हालचाल करणारी, म्हणून त्रस. गृहस्थाचे अहिंसाणुव्रत मुख्यतः त्रस जीवांच्या रक्षणासाठीच आहे. तेव्हा झाडासाठी अळी मारणे म्हणजे या क्रमाची उलटापालट करणे होय. रेशमाचा कोष उकळत्या पाण्यात टाकला जातो म्हणून आपल्यापैकी अनेक घरांनी रेशमी वस्त्र सोडले. रेशमाचा किडा हीदेखील एक अळीच आहे. मग परसातील अळीला वेगळा न्याय कशासाठी?

फवारणीचा विचार केला तर त्यात केवळ अळीचाच प्रश्न नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी व शेतमजुरांचे प्राण गेले. मोनोक्रोटोफॉससारखे औषध भाजीपाल्यावर वापरण्यास आपल्या देशात बंदी आहे. शेवग्याचा पाला, कढीपत्ता ही तर रोजच्या ताटातील भाजी. शेतातील उरलेली अर्धी बाटली परसात आणून, गड्याच्या तोंडाला रुमालही न बांधता ती फवारून घेणे, यात अळीच्या हिंसेबरोबर माणसाच्या जिवाशीही खेळ आहे. आपल्या समाजातील काही कुटुंबे शेती औषधांच्या व्यापारात आहेत, त्यांना दुखविण्याचा हेतू नाही. तथापि श्रावकासाठी निषिद्ध मानलेल्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्याचा स्वतंत्र उल्लेख आहे, हे विसरून चालणार नाही. ज्यांना तो व्यवसाय सोडणे शक्य नसेल, त्यांनी निदान ‘झाड केवढे, अळी कोणती, फवारणी खरोखर हवी का,’ एवढे तरी गिऱ्हाइकाला विचारावे.

‘जैविक’ म्हणजे अहिंसक नव्हे

अलीकडे पुष्कळ सुशिक्षित घरे रासायनिक औषधे टाळून ‘जैविक’ औषधांकडे वळली आहेत. आरोग्याच्या दृष्टीने ते स्वागतार्ह आहे. मात्र त्यामुळे हिंसा टळली, असा समज करून घेऊ नये. बाजारात बी.टी. या नावाने मिळणारे औषध म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूची भुकटी. ती पानावर पडली आणि अळीच्या पोटात गेली की अळीचे आतडे निकामी होते, खाणे थांबते आणि दोन-तीन दिवसांत ती मरते. कामगंध सापळ्यात नर पतंग अडकून मरतात. खोडाला लावलेल्या चिकट पट्टीवर अळीच काय, मुंग्या आणि इतर निरुपद्रवी कीटकही चिकटून तडफडतात. ही साधने माणसासाठी सौम्य असतील, जीवासाठी नाहीत.

कडुलिंबाचे स्थान यांत थोडे निराळे आहे. १९६२ साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ डॉ. एस. प्रधान यांनी निंबोळीच्या गराचे पाणी फवारलेली पिके टोळांनी खाल्ली नाहीत, हे दाखवून दिले. निंबोळीतील कडू द्रव्यांमुळे कीटकाला ते पान नकोसे होते आणि पतंगाची मादी तेथे अंडी घालणे टाळते. पन्नास ग्रॅम निंबोळीचा गर कुटून रात्रभर थोड्या पाण्यात भिजवावा, सकाळी फडक्याने गाळून एक लिटर पाणी करावे आणि त्यात दोन ग्रॅम साबण मिसळावा. हा झाला पाच टक्के अर्क. तो सायंकाळी फवारावा, कारण उन्हात त्याचा गुण लवकर जातो.

परंतु येथेही सावधानता हवी. हाच अर्क लहान अळ्यांच्या पोटात गेला तर त्यांच्या कात टाकण्याच्या क्रियेत बिघाड होतो आणि त्या मरतात. म्हणून अळ्या दिसल्यावर अर्क मारणे आणि पालवी फुटताच, एकही अळी नसताना अर्क मारणे, यांत धर्मदृष्ट्या फार मोठे अंतर आहे. पहिल्यात आपण मारतो, दुसऱ्यात दाराला कडी घालतो. औषध तेच, बाटली तीच, फरक पडतो तो केवळ वेळेचा.

आधी पाहणे

बँकेच्या कामात एक गोष्ट अनुभवाने कळत असे. बुडीत खाते एका दिवसात बुडत नाही. पहिला हप्ता चुकतो, तेव्हा त्याकडे कोणी पाहत नाही. पुढे सगळे खाते हाताबाहेर गेले की मग जप्तीची भाषा सुरू होते. परसातील अळीचेही तसेच आहे. टेंभा आणि विष यांची वेळ येते, ती आधीच्या दोन आठवड्यांत कोणी झाडाखाली उभे राहून वर पाहिलेले नसते म्हणून. आपल्या परंपरेत याला जयणा किंवा यत्नाचार म्हणतात. हिंसेच्या मुळाशी प्रमाद असतो, हे आपल्या आचार्यांनी सांगितलेले सूत्र परसाला तंतोतंत लागू पडते.

जयणेचे प्रत्यक्ष उपाय साधे आहेत.

पहिला उपाय झाड हाताच्या टप्प्यात ठेवण्याचा. शेवग्याच्या शेंगा संपल्या की उन्हाळ्यात तो कमरेच्या उंचीवर छाटावा. छाटलेला शेवगा जोमाने फुटतो आणि पानावरील अंड्यांचा पुंजका जमिनीवरून दिसतो, हाताला लागतो. वीस फूट उंच गेलेल्या शेवग्यावर मात्र अळ्या खोडावर उतरेपर्यंत काही कळतच नाही. बोर, पेरू, डाळिंब यांच्या दाट फांद्या विरळ केल्याने आत उजेड व वारा खेळतो आणि साल खाणाऱ्या अळीला तेथे राहणे मानवत नाही.

दुसरा उपाय दिव्याचा. शेवग्याच्या अळीचा पतंग निशाचर असून उजेडाकडे ओढला जातो. पहिल्या पावसानंतरच्या काही आठवड्यांत परसातील बल्ब रात्रभर जळत ठेवू नये. दिव्याभोवती जीव गोळा होतात म्हणून सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्या आपल्या घरांना याचे कारण समजावून सांगण्याची गरज नाही.

तिसरा उपाय आडोशाचा. लिंबाच्या वा कढीपत्त्याच्या लहान रोपावर जुन्या मच्छरदाणीचे कापड चार काठ्यांवर टाकून खालून बांधावे. फुलपाखरू पानापर्यंत पोहोचलेच नाही तर अंडेही नाही, अळीही नाही. बांधण्यापूर्वी आत एखादी अळी कोंडली गेली नाही ना, हे पानन्‌पान पाहून घ्यावे. डाळिंबाचे फळ लिंबाएवढे झाले की त्यावर कापडी किंवा कागदी पिशवी सैलसर बांधावी. घरच्या झाडाला तीस-चाळीस फळे असतात. जुन्या धोतराच्या पिशव्या शिवणे हे आजीबाईंचे एका दुपारचे काम आहे.

चौथा उपाय स्थलांतराचा. तरीही अळ्या आल्याच तर त्या हलवाव्यात. अळीला चिमट्याने ओढू नये. कात टाकण्याच्या वेळी ती रेशमी धाग्याने पानाला घट्ट धरून असते आणि ओढल्यास तिला इजा होते. पान देठासह खुडावे आणि अळीसह उचलावे. अंडी असलेले पानही तसेच. शेवग्याच्या खोडावर गोळा झालेल्या अळ्या लांब बाह्यांचा सदरा व रबरी हातमोजे घालून, मऊ कुंच्याने अलगद सुपात घ्याव्यात. काही केसाळ अळ्यांना दिवसा आडोसा लागतो. त्यांच्यासाठी खोडाभोवती गोणपाटाचा पट्टा मधोमध सुतळीने बांधून वरचा भाग खाली दुमडावा. अमेरिकेत स्पंजी पतंगाच्या अळ्या गोळा करण्यासाठी ही युक्ती फार वर्षांपासून वापरली जाते. पट्टा रोज सकाळी न चुकता उघडावा. एक दिवस विसरला तर त्याचाच अळ्यांना आसरा होतो.

धर्मादाचे झाड

आता खरा प्रश्न उरतो. उचललेल्या अळ्या ठेवावयाच्या कोठे? रस्त्यावर टाकल्या तर त्या तुडविल्या जातील. शेजाऱ्याच्या कुंपणापलीकडे टाकल्या तर आपला तोटा त्याच्या खाती लोटल्यासारखे होईल. दिसेल त्या झाडावर सोडल्या तर उपाशी मरतील, कारण शेवग्याची अळी लिंबावर जगत नाही आणि लिंबाची शेवग्यावर. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अन्नपाननिरोध, म्हणजे जीवाचे खाणेपिणे तोडणे, हा एक अतिचार सांगितला आहे. ‘मारले नाही, फक्त दूर टाकले’ असे म्हणणाऱ्याने तो आठवावा.

याचे उत्तर आपल्याच परंपरेत आहे. गुजरातेतील जुन्या पांजरपोळांत गायी-गुरांच्या गोठ्याबरोबर एक ‘जीवातखाना’ असे. घरात, दुकानात धान्य निवडताना निघालेले किडके दाणे आणि केरातले जीव तेथे आणून सोडले जात आणि त्यांना तेथे धान्यही मिळे. किड्यांसाठी वेगळी खोली बांधणारा व्यापारी समाज जगात दुसरीकडे क्वचितच सापडेल. आणि व्यापारी पेढीच्या वहीत धर्मादाचे खाते असते, हे तर आपण सारे जाणतोच. नफ्यातील काही भाग आपला नाही, असे मानून तो आधीच बाजूला काढला जातो.

तसेच परसात एक झाड धर्मादाचे असावे. शेवग्याची फांदी ओल्या जमिनीत रोवली की तिचे झाड होते. परसाच्या अगदी कडेला अशी एक फांदी लावून तिच्या शेंगांची अपेक्षाच ठेवू नये. कढीपत्त्याच्या मुळांतून जी पिल्ले फुटतात, त्यांचा एक ताटवा न छाटता वाढू द्यावा. लिंबावरील, बेलावरील अळ्या तेथे सुखाने राहतात. पान देठासह नेऊन त्या ताटव्यातील पानाला सैल दोऱ्याने बांधले की अळी आपोआप नव्या पानावर सरकते. ज्यांना जागा नाही, त्यांनी निदान झाडाची एक फांदी या कामी ठेवावी. त्या फांदीवर फवारणी नाही, छाटणी नाही, तक्रार नाही.

या व्यवस्थेचा एक अनपेक्षित लाभ घरातील मुलांना होतो. काचेच्या बरणीत कोंडून न ठेवता, झाडावरच, ठिपक्यासारखी अळी हिरवी होताना, रेशमी धाग्याने स्वतःला काडीला बांधून कोष करताना आणि एका सकाळी पंख सुकवीत बसलेले फुलपाखरू होताना त्यांना पाहता येते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा हा प्रवास सुमारे महिनाभराचा. जीवाच्या पर्यायांवरील प्रवचन ऐकताना असे काही डोळ्यांनी पाहिलेले असेल तर ते अधिक खोल उतरते.

पक्ष्यांचा वाटा

परसात पाण्याचे कुंडे ठेवावे, ही सवय आपल्या घरांना आहेच. तेथे येणारे बुलबुल, साळुंकी, शिंपी, दयाळ, चिमण्या पिलांना भरविण्यासाठी कीटक व अळ्या वेचतात. धान्य खाणारी चिमणीसुद्धा पिलांना किडेच भरविते. केसाळ अळ्यांना पुष्कळ पक्षी शिवत नाहीत, परंतु पावशा आणि चातक यांचे ते आवडते खाद्य. चातक पावसाबरोबर येतो, याचे एक कारण त्याच वेळी हे खाद्यही मुबलक होते, असे म्हणता येईल. अमेरिकेतील चिकाडी नावाच्या चिमणीएवढ्या पक्ष्याची एक जोडी पिलांची एक खेप वाढविताना सहा ते नऊ हजार अळ्या भरविते, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

यावर कोणी म्हणेल की, पक्ष्यांना बोलावणे हीही अप्रत्यक्ष हिंसाच. पाण्याचे कुंडे भरताना आपला भाव तहानलेल्याला पाणी देण्याचा असतो, अळी मारविण्याचा नव्हे. तो तसाच असावा. विष फवारलेल्या परसात मात्र विषारी अळी पक्ष्याच्या पिलाच्या चोचीत जाते. तेथे एका हिंसेची दुसरी हिंसा होते.

जेथे उपाय तोकडे पडतात

प्रामाणिकपणे सांगावयाचे तर प्रत्येक प्रसंगाला अहिंसक तोड नाही. साल खाणारी अळी भोकात लपलेली असते, तिला उचलता येत नाही. भोकात तार घालणे किंवा रॉकेलचा बोळा कोंबून चिखलाने लिंपणे, हे रूढ उपाय सरळसरळ मारण्याचे आहेत. आपल्या हाती एवढेच की, भुशाची जाळी दिसताच ती रोज झाडून काढावी, झाडाला वेळेवर पाणी व खत देऊन त्याची शक्ती टिकवावी आणि फांद्या विरळ ठेवाव्यात. सशक्त झाड अशा एक-दोन अळ्या सोसते. अतिजीर्ण झाडाची एखादी फांदी गेली तर जाऊ द्यावी. बोरासारखे फळ फोडून, आत पाहूनच खाण्याचा आपल्या घरांतील नियमही येथे उपयोगी पडतो.

दुसरी अडचण केसाळ अळीच्या खाजेची. घरात तान्हे मूल असेल तर चिंता स्वाभाविक आहे. त्वचेला केस लागल्यास चोळू नये. चिकटपट्टी हलकेच लावून उचलावी, म्हणजे केस निघतात. मग साबण व गार पाण्याने धुवावे. डोळ्यात गेल्यास, श्वासाला त्रास झाल्यास अथवा अंगभर गांधी उठल्यास विलंब न करता डॉक्टरांकडे जावे. शेवग्याखाली मुलांचे खेळणे आणि कपड्यांची दोरी पावसाळ्याचे दोन-तीन महिने दुसरीकडे हलविली, तर बहुतेक तक्रारी उद्भवतच नाहीत.

आणि इतके करूनही एखादे वर्ष असे येते की झाडावर पान उरत नाही. शेवगा अशा वेळीही सहसा मरत नाही, पुन्हा फुटतो. त्या वर्षी शेंगा मंडईतून आणाव्या लागतील. माढ्याच्या आठवडे बाजारात त्या मिळतात. एका कुटुंबाला लागणाऱ्या शेंगांची किंमत आणि शेकडो त्रस जीवांचे प्राण, यांची तुलना करताना तराजू हाती धरणाऱ्या माणसाचा हात अडखळू नये.

या चातुर्मासाचा नियम

चातुर्मासात आपण काही ना काही नियम घेतो. कोणी हिरवी भाजी सोडतो, कोणी एकासणे करतो, कोणी रोज सामायिकाचा संकल्प करतो. त्यांच्या जोडीला यंदा एक छोटा नियम घ्यावा. आषाढी चतुर्दशीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत रोज सकाळी दर्शनाला निघण्यापूर्वी दहा मिनिटे परसातून फिरावे. शेवग्याच्या पानांची खालची बाजू पाहावी, लिंबाच्या कोवळ्या शेंड्यावर नजर टाकावी, गोणपाटाचा पट्टा उघडावा आणि जे सापडेल ते पानासह धर्मादाच्या झाडावर नेऊन ठेवावे. हे काम गड्याला सांगू नये. घरातील मुला-नातवंडांना सोबत घेऊन ते स्वतःच्या हाताने करावे, म्हणजे भाद्रपदात बोळा पेटविण्याची वेळ येणार नाही, आणि देवळात जाताना कोणाला ‘माझ्यासमोर नको’ असे म्हणावे लागणार नाही.

जय जिनेंद्र.